टाकी फुल केली आणि गाडी पकडेना: पेट्रोलच्या वाफेची भानगड

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरचा पंप, एप्रिलची दुपार, मागे आठ-दहा गाड्यांची रांग. मी ‘फुल करा’ म्हटलं, पोऱ्याने ‘झिरो बघा मॅडम’ म्हटलं. नॉझल कट झालं, तरी ‘राउंड फिगर करतो’ म्हणत त्याने दोन-तीनदा दाबून आणखी थोडं बसवलं. पैसे दिले, चावी फिरवली. सेल्फ मस्त फिरतोय, पण गाडी पकडत नाही. मागून हॉर्न सुरू. शेवटी दोघांनी ढकलून गाडी हवा भरायच्या कोपऱ्यात नेली. दहा मिनिटांनी पुन्हा चावी फिरवली तर खोकत, थरथरत, पेट्रोलचा वास सोडत ती सुरू झाली. जणू काही झालंच नव्हतं.

हे असं तिसऱ्यांदा झालं होतं. पहिल्या वेळी एकाच्या सल्ल्याने मी बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळी प्लग. बॅटरीवाल्याने बॅटरी विकली यात त्याची काही चूक नाही, ते दुकान बॅटरीचंच होतं. तिसऱ्या वेळी वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात गेले. तिथल्या मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला: ‘पेट्रोल भरल्यावरच होतं का?’

‘गाडी सुरू होत नाही’ एवढं सांगून गॅरेजवाल्याला काही कळत नाही. ‘कधी’ सुरू होत नाही हे सांगितलं की निम्मं निदान झालेलं असतं. नव्याने गाडी किंवा स्कूटर घेतलेल्यांनी एवढं एक धरून पुढचं वाचावं.

जळते ती वाफ

द्रव पेट्रोल जळत नाही. जळते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ. इंजेक्टर असो की जुन्या गाडीतला कार्ब्युरेटर, पेट्रोलचा बारीक फवारा करून त्याची वाफ व्हायला मदत करायची, हेच दोघांचं काम. हवेत या वाफेचं प्रमाण साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत असेल तरच ठिणगीने ती पेट घेते. कमी असेल तर ठिणगी वाया जाते. जास्त असेल तरी वायाच जाते, आणि हे दुसरं लोकांना पटत नाही. पेट्रोल जास्त म्हणजे भडका जास्त, असं आपल्याला वाटतं. पण चुलीत लाकडं कोंबून भरली तर जाळ होत नाही, नुसता धूर होतो, इंजिनाचंही तसंच. वजनाच्या हिशेबात एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हे गणित फार बिघडलं की सेल्फ कितीही फिरवा, उपयोग नाही.

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. त्यात हलके-जड असे शेकडो घटक असतात. पाणी १०० अंशांना उकळतं, पेट्रोल टप्प्याटप्प्याने उकळतं. सगळ्यात हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उडायला लागतात आणि जड घटक २०० अंशांपर्यंत तग धरतात. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत नुसती हवाच ३५च्या पुढे जाते, मग सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय असेल याचा विचार करा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ७८ अंशांना उकळतं. त्याचे स्वतःचे काही नखरे आहेत, ते पुढे येतील.

तेव्हा वाफेचे त्रास मोजके आहेत. नको तिथे जास्त वाफ जाते, पेट्रोलच्या नळीतच वाफ होऊन वाट अडते, टाकीला श्वास घेता येत नाही, किंवा वाफ हवी तितकी होतच नाही. यातलं कोणतं आहे ते वेळेवरून ओळखायचं.

त्याआधी दोन मिनिटं

चावी फिरवल्यावर नुसतं टक-टक होतंय किंवा डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल बघा. वाफेचा काही संबंध नाही. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुचाकीवर किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि साइड स्टँड बघा. आणि टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका, काटा अडकलेला असतो.

सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतोय आणि तरी गाडी पकडत नाही, तरच पुढे वाचा. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर वाफेचा त्रास राहील बाजूला आणि बॅटरी बसेल. डिझेल गाडीवाल्यांसाठी हा लेख नाही. डिझेल सहजासहजी वाफ धरत नाही. त्यांच्याकडे ‘एअर धरली’ म्हणतात ती नळीत शिरलेली बाहेरची हवा असते, तो वेगळा आजार.

पेट्रोल भरल्याबरोबर सुरू होत नाही

हा माझा आजार, म्हणून यावर जास्त लिहिते. चारचाकीत हा जितका सापडतो तितका ओळखला जात नाही.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ सतत होत असते. पूर्वी ती टाकीच्या झाकणातून सरळ हवेत जायची. आता तिला एका नळीने एका डब्यात नेतात. त्या डब्याला कॅनिस्टर म्हणतात आणि त्यात कोळसा भरलेला असतो. चुलीतला नव्हे, पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसला सक्रिय कोळसा, जो वाफ धरून ठेवतो. मग गाडी चालू असताना, इंजिन गरम झाल्यावर, एक छोटा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती साठलेली वाफ ओढून जाळून टाकतं. हा पर्ज व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना तो घट्ट बंद असायला हवा.

तो कचऱ्याने किंवा कोळशाच्या भुकटीने अर्धवट उघडा राहिला की गोंधळ सुरू होतो. एरवी फार जाणवत नाही. फार तर सिग्नलला गाडी किंचित थरथरते. पण पेट्रोल भरताना टाकीतलं पेट्रोल ढवळलं जातं. बरीचशी वाफ नॉझलच्या शेजारून बाहेर पडते, पंपावर जो वास येतो तो तिचाच. झाकण लावल्यावर जी वाफ होत राहते ती कॅनिस्टरकडे आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून थेट इंजिनाच्या हवेच्या वाटेत. चावी फिरवता तेव्हा इंजिन जी पहिली हवा ओढतं ती आधीच वाफेने भरलेली. त्यावर इंजेक्टर आपला नेहमीचा फवारा मारतो. मिश्रण इतकं दाट होतं की पेटतच नाही.

पंपावर असं झालं तर काय करायचं:

१. आधी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून नॉझलपासून लांब ढकलून न्या. तिथेच बॉनेट उघडून बसू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दिसत नाही. उणे ४० अंशांनाही ती पेटू शकते, आपल्याकडे तर बारा महिने तयारच.

२. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबा आणि दाबूनच धरा. वर-खाली पंप करू नका. तसाच दाबलेला ठेवून पाच सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत, सेल्फ फिरत असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला दिसला की गाडीतला कॉम्प्युटर ‘पेट्रोल ओव्हर झालंय’ असं समजून इंजेक्टर बंद करतो आणि नुसती हवा आत जाऊ देतो. जादा वाफ त्या हवेबरोबर निघून जाते.

३. पकडली की पाय हळूहळू सोडा. मिनिटभर अडखळेल, थोडा काळा धूर येईल. लगेच बंद करू नका.

४. नाहीच पकडली तर चावी बंद करून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा हेच करा.

गॅरेजातल्या त्या पहिल्या भेटीनंतर माझ्या गाडीवर दुसरी पायरी दहापैकी नऊ वेळा लागू पडायची. त्या भरवशावर मी दुरुस्ती दोन महिने ढकलली, हेही सांगून टाकते.

आता ‘राउंड फिगर’बद्दल. नॉझल स्वतःहून कट होतं तेव्हा टाकीत वर थोडी जागा मुद्दाम शिल्लक असते. तापमान एक अंशाने वाढलं की पेट्रोल साधारण हजारात एक भाग फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं गार पेट्रोल तुमच्या ४० लिटरच्या टाकीत १० अंशांनी तापलं, तर जवळजवळ ४०० मिली जादा जागा मागतं. ती जागा तुम्ही भरून टाकली असेल तर पेट्रोल वाफेच्या नळीत चढतं आणि कॅनिस्टरमध्ये जातं. कोळसा वाफ धरण्यासाठी असतो, द्रव पेट्रोल पिण्यासाठी नाही. एकदा भिजला की तो डबा जड होतो, वास मारतो, आणि कोळशाचे कण सुटून पर्ज व्हॉल्व्हमध्ये अडकतात. म्हणजे एका सवयीने दोन भाग जातात. स्कूटरवाल्यांनी तर जास्त जपावं. पाच-सव्वापाच लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरून स्टेशनच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी केली की पेट्रोल जाणार कुठे? एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर विकल्या गेलेल्या स्कूटरमध्येही हा कोळशाचा डबा असतो. आणि आता यूपीआयने अगदी पैशापर्यंतची रक्कम देता येते, मग राउंड फिगर कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

व्हॉल्व्ह बिघडलाय का हे घरी पाहता येतं, पण गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका, सरळ सर्व्हिस सेंटरला जा. जुनी असेल तर सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडा. थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) जवळपास अंगठ्याएवढा प्लास्टिकचा भाग दिसेल, दोन बारीक नळ्या आणि एक दोन पिनांचा कनेक्टर असलेला. गाडीच्या मागच्या बाजूकडून येणारी नळी त्यावरून काढा, गाडी सुरू करा, आणि व्हॉल्व्हच्या त्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. गार इंजिन आयडलिंगला असताना तिथे ओढ जाणवता कामा नये. ओढ आहे, आणि कनेक्टर काढल्यावरही आहे, तर व्हॉल्व्ह बंदच होत नाही. फिरता पट्टा आणि पंखा यांच्यापासून ओढणी, बाह्या, केस लांब ठेवा. नळी तोंडाने ओढून बघायच्या फंदात पडू नका, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर दवाखाना गाठावा लागतो.

गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर पी०४९६ हा कोड या उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हकडेच बोट दाखवतो. पी०१७२ म्हणजे मिश्रण दाट. तेही याच्यामुळे असू शकतं, पण त्याला इतर कारणंही असतात. काही गाड्या मात्र कोडच देत नाहीत. माझीने दिला नव्हता.

गरम गाडी थोडा वेळ थांबवली, की सुरू होत नाही

सकाळी घरून निघताना एका झटक्यात सुरू. ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून रखडत तुर्भ्याला पोचलात, पंधरा-वीस मिनिटं एपीएमसी मार्केटमध्ये काम, परत आलात तर सेल्फ फिरतो आणि गाडी ढिम्म. तासाभराने मात्र पुन्हा शहाण्यासारखी सुरू.

इथे लोक चुकतात ते असं, की इंजिन बंद केलं म्हणजे ते लगेच गार व्हायला लागलं असं धरून चालतात. चालत्या गाडीत कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) फिरत असतो, समोरून वारा लागत असतो. चावी बंद केली की दोन्ही थांबतात, पण लोखंडात मुरलेली उष्णता थांबत नाही. ती वर चढते आणि पेट्रोलच्या नळ्यांपर्यंत पोचते. पहिली पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान उलट वाढतं. म्हणून बंद करून लगेच सुरू केली तर होते, दोन तासांनी होते, आणि मधल्या वेळेत रुसते.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच बसवलेला असतो आणि तो साधारण तीन-चार बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. दाबाखाली द्रव उशिरा उकळतो, प्रेशर कुकरमध्ये पाणी १०० अंशांच्या पुढे जातं तसं. म्हणून या गाड्यांना हा त्रास एरवी होत नाही. गाडी बंद केल्यावरही हा दाब काही काळ टिकायला हवा. त्यासाठी पंपाशी एकतर्फी झडप असते. ती झिजली की दाब निघून जातो. मग शिट्टी काढलेल्या कुकरसारखं, तापलेल्या नळीतलं पेट्रोल तिथल्या तिथे उकळतं. इंजेक्टरच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी बुडबुडे.

उपाय सोपा आहे. चावी ऑनपर्यंत फिरवा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गूं-गूं ऐकू येईल, तो पंप. आवाज थांबला की चावी बंद. असं तीन वेळा करा, मग सेल्फ मारा. दरवेळी पंपाने थोडा दाब चढवून बुडबुडे पुढे रेटलेले असतात. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की बहुधा इग्निशन ऑन होतं, तिथेही हेच. इंजेक्शनच्या स्कूटरवर चावी ऑन केल्यावर इंजिनच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबायची सवय लावा. घाईने लगेच सेल्फ मारणारे निम्मे लोक पंपाला संधीच देत नाहीत.

या युक्तीने दरवेळी गाडी सुरू होत असेल तर ती युक्ती नव्हे, लक्षण आहे. मिस्त्रींना ‘गाडी बंद केल्यावर फ्युएल प्रेशर टिकतंय का ते गेज लावून बघा’ असं सांगा. दाब टिकत नसेल तर एकतर झडप गेली किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. इंजेक्टर गळत असेल तर उलटा प्रकार होतो: बंद गाडीत पेट्रोल टिपकत राहतं आणि मिश्रण दाट होतं. तेव्हा तीनदा चावीने काही होत नाही, तळापर्यंत ॲक्सिलरेटर दाबूनच सुरू होते. दोन्ही उपायांतला कोणता लागू पडला, हे म्हणून लक्षात ठेवा.

माझ्या वडिलांकडे फियाट होती. नाशिकला जाताना कसारा घाटात ती उन्हाळ्यात हमखास बंद पडायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून बसवलेला आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढायचा. ओढताना नळीतला दाब कमी होतो, दाब कमी झाला की पेट्रोल लवकर उकळतं, आणि वाफ भरली की पंप नुसताच हवेवर चालतो. यालाच व्हेपर लॉक म्हणायचे. वडील पंचा भिजवून पंपावर ठेवायचे, आम्हाला कैरी कापून द्यायचे, आणि कैरी संपेपर्यंत गाडी सुरू व्हायची. आताच्या गाडीत ओलं फडकं घेऊन बॉनेटमध्ये शिरू नका. पंप तिथे नाहीच, आणि विजेचे कनेक्टर मात्र आहेत. सावलीत उभी करून बॉनेट उघडून ठेवलं तर पुरे. रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटर आणि बाइक अजून भरपूर आहेत. त्यांच्यात कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापून उकळतं आणि उतू जाऊन इंजिनात उतरतं, दूध उतू जातं तसं. लोक अशा वेळी चोक ओढतात. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. आधीच ओव्हर झालेल्या गाडीला आणखी पाजणं. चोक बंद ठेवा, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि पाच-सहा किका मारा. नाही झालं तर प्लग काढून बघा (इंजिन गरम असतं, हात जपून). प्लग ओला आणि पेट्रोलचा वास, म्हणजे निदान बरोबर. तो पुसून वाळवा, पाच-दहा मिनिटं भोक उघडं राहू द्या, मग परत बसवा. प्लग काढलेला असताना किक किंवा सेल्फ मारू नका. भोकातून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारीच ठिणगी असते. बाइकला पेट्रोलचा कॉक असेल तर दुपारी उन्हात लावताना तो बंद करत चला.

चालता चालता दम तोडते, झाकण उघडलं की सुधारते

हे बहुतेक दुचाकीचं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्याच्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं किंवा वेगळी नळी. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी प्यायलात तर दोन घोटांनंतर धार थांबते, तसं. पाम बीच रोडला लागेपर्यंत ठीक, मध्येच गाडी ओढ सोडते, बंद पडते आणि सुरू होत नाही. झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दुसरं काही शोधू नका. भोक बारीक तारेने साफ करा, नळी दुमडली किंवा सीटखाली दबली आहे का ते बघा. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणाला प्लास्टिकची पिशवी गच्च बांधणाऱ्यांच्या गाड्या याच कारणाने अडतात. चारचाकीत उन्हाळ्यात झाकण उघडताना थोडी फुस्स होते, ती वाफ बाहेर येते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बरेच दिवस उभी होती

आता उलटा प्रकार, वाफ कमी पडण्याचा. गाव-गणपती-लग्न असं करत गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे जड घटक राहतात. पहिल्या ठिणगीला हलक्यांचीच गरज असते.

ठाणे-नवी मुंबईत हा त्रास जास्त करून सीएनजीवाल्यांना होतो. गॅससाठी तासभर रांगेत उभे राहतील, पण पेट्रोलच्या टाकीत दोन लिटर तळाला, तेही सहा महिन्यांपूर्वीचं. बऱ्याच सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि मग गॅसवर जातात. म्हणजे तेच शिळं पेट्रोल रोज सकाळी उपयोगाला. टाकी निदान पाव भरलेली ठेवा, आठवड्यातून एकदा पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाकीतल्या पंपाला पेट्रोलच गार ठेवतं, त्यामुळे तळाला आणलेली टाकी त्यालाही मारते. गाडी अडलीच तर चार-पाच लिटर ताजं पेट्रोल घाला, तीनदा चावीची युक्ती करा. पेट्रोल आणायला पाण्याची प्लास्टिकची बाटली नेऊ नका, पंपवालाही देणार नाही आणि देऊही नये.

इथेनॉलबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक मेसेज येतो, म्हणून थोडं. इथेनॉल मिसळलं की पेट्रोलची उडण्याची प्रवृत्ती वाढते, हे खरं. पण ती वाढ पाच ते दहा टक्क्यांच्या मिश्रणातच सगळ्यात जास्त दिसते. २० टक्क्यांना ती आणखी चढत नाही. त्यामुळे गरम गाडी अडली की लगेच इथेनॉलवर खापर फोडू नका. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सुरू व्हायला अडचण येऊ शकते. आपल्याकडे थंडी म्हणजे १५-१६ अंश, तेव्हा तो प्रश्न उत्तरेकडच्यांचा. आपला प्रश्न पावसाळ्याचा. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल व पाणी मिळून खाली बसतात, पेट्रोल वर तरंगतं. पंप ओढतो तळातून. पार्किंगमध्ये पाणी भरून गाडी बुडाली असेल तर सेल्फ मारूनच बघू नका, टाकी रिकामी करून घ्या.

वाफेसारखा दिसणारा तोतया

गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू, हे लक्षण हुबेहूब व्हेपर लॉकचं, पण अनेकदा दोषी असतो क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा हा भाग तापला की गप्प बसतो, मग ना ठिणगी ना पेट्रोल. ओळखायचं असं: सेल्फ मारताना पेट्रोलचा वास अजिबात नाही, आरपीएमचा काटा जराही हलत नाही, तीनदा चावी आणि तळापर्यंत ॲक्सिलरेटर दोन्हींचा काही फरक नाही. स्कॅनरवर पी०३३५ आला तर तो याच सेन्सरकडे किंवा त्याच्या वायरिंगकडे बोट दाखवतो. कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलत असेल तरीही गरम इंजिनाला गार समजून जास्त पेट्रोल दिलं जातं. हे दोन्ही घरी बदलायच्या भानगडीत पडू नका.

गॅरेजला जाताना

मोबाइलमध्ये चार-पाच ओळी लिहून न्या. दोन महिन्यांनी दुसऱ्या भेटीला मी नेलेल्या अशा होत्या: ‘फक्त पेट्रोल भरल्यावर. दरवेळी टाकी फुल. सेल्फ नीट फिरतो. पेट्रोलचा वास येतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सुरू होते. बॅटरी आणि प्लग नवे.’ मिस्त्रींनी शेवटची ओळ वाचून माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.

त्यांनी व्हॉल्व्ह काढला, कनेक्टर न जोडताच सायकलच्या पंपाने त्यातून हवा मारली. हवा आरपार गेली. नवा व्हॉल्व्ह बॅटरीपेक्षा पुष्कळ स्वस्त निघाला आणि अर्ध्या तासात बसला. कॅनिस्टर हलवून बघितला, तो कोरडा होता म्हणून वाचला. जुना भाग मी मागून घेतला. तो आता घरी बुटांच्या कपाटावरच्या डब्यात आहे, सायकलच्या पंपाशेजारी. सोसायटीत कुणी ‘पेट्रोल भरलं आणि गाडी अडली’ म्हणालं की दोन्ही घेऊन खाली जाते.